पुराचा गाळ उचलल्यावर खर्चाची प्रतिपूर्ती: सगळा हिशेब फेरीपावतीवर

पूर ओसरला की पहिले दोन दिवस नगरपरिषदेची सगळी माणसं रस्त्यावर असतात. जेसीबी मिळेल तिथून मागवला जातो, डंपर मिळेल त्या भावाने लावला जातो आणि कागदांचं नंतर बघू असं ठरतं. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रुग्णवाहिका आत जात नाही, त्यामुळे त्या घाईला कुणी नावं ठेवू नयेत. पण काही आठवड्यांनी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून हा खर्च परत मागायची वेळ येते, तेव्हा फाइलवर एकच विचारणा होते: हा गाळ कुठून उचलला, किती उचलला आणि मोजला कुणी? याचं उत्तर कार्यालयात बसून तयार होत नाही. गल्लीच्या तोंडाशी डंपर भरत असताना तिथे उभ्या असलेल्या मुकादमाच्या हातातल्या फेरीपावतीवर, म्हणजे डंपरच्या प्रत्येक फेरीला फाडायच्या पावतीवर, ते तयार होतं. ती पावती नसेल, तर खरोखर केलेल्या कामाचे पैसेही अडकतात आणि त्याची झळ शेवटी गावाच्याच पाणी-दिवाबत्तीच्या पैशाला बसते.

निधीची रचना आधी थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ४८ खाली हा निधी उभा आहे. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. कशावर खर्च करता येतो, हे केंद्रीय गृह मंत्रालय निकषांच्या पत्राने ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीचे निकष १० ऑक्टोबर २०२२ च्या पत्राने आले आणि जुलै २०२३ मध्ये सुधारले गेले. दर काही वर्षांनी ते बदलतात. म्हणून आपत्तीच्या तारखेला लागू असलेलं पत्र शोधून त्याची प्रत फाइलच्या पहिल्या पानामागेच लावावी.

या निकषांत बाधित क्षेत्राच्या सफाईच्या तीन बाबी येतात: सार्वजनिक जागेवरचा राडारोडा हटवणं, साचलेलं पुराचं पाणी काढणं, आणि मृतदेह व मृत जनावरांची विल्हेवाट. राडारोड्यापुढे लिहिलेली अट नीट वाचावी. प्रत्यक्ष खर्च, काम सुरू झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आतला, आणि तोही राज्य कार्यकारी समितीने गरजेचं मूल्यमापन करून ठरवलेला. या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. आपत्ती मोठी असेल आणि राष्ट्रीय निधीतून मदत मागितली असेल, तर हेच मूल्यमापन पाहणीला आलेलं केंद्रीय पथक करतं.

‘प्रत्यक्ष खर्च’ हे दोन शब्द ऐकायला सोयीचे वाटतात, पण सगळी अडचण त्यांच्यातच आहे. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला, तर तो काढण्यासाठी याच निकषांत हेक्टरी १८,००० रुपये असा ठरलेला दर आहे. तिथे क्षेत्राचा पंचनामा झाला की हिशेब संपतो. रस्त्यावरच्या राडारोड्याला असा दरच नाही. कमाल मर्यादा लिहिलेली नाही याचा अर्थ कितीही मिळेल असा नाही. जेवढं सिद्ध कराल तेवढंच मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे मोजमापाचा सगळा भार स्थानिक संस्थेवर येतो.

कोणता राडारोडा धरायचा

सार्वजनिक जागा म्हणजे रस्ते, चौक, बाजारपेठ, शाळेचं आणि दवाखान्याचं आवार, स्मशानभूमी, पाणवठे, गटारं. सोसायटीच्या कंपाउंडमधला किंवा दुकानाच्या आतला गाळ यात बसत नाही. प्रत्यक्षात होतं असं, की लोक घरातला चिखल, भिजलेल्या गाद्या, फर्निचर, कुजलेलं धान्य रस्त्यावर आणून टाकतात. रस्त्यावर आलं की ते सार्वजनिक जागेवरचं झालं आणि उचलणंही भाग आहे. पण त्याला शिस्त लावावी लागते. लाऊडस्पीकर फिरवून सांगावं, की अमुक तारखेपर्यंत सामान रस्त्याच्या कडेला आणून ठेवा; गाळ वेगळा, लाकूड-फर्निचर वेगळं, फ्रिज-टीव्ही वेगळे. त्या तारखेनंतर येणारा कचरा नेहमीच्या घंटागाडीत जाईल. ही दवंडी कधी दिली, कोणत्या प्रभागात दिली, याची नोंद आवक-जावकला ठेवावी. ती नसली, की दिवाळीच्या साफसफाईतलं भंगारसुद्धा पुराच्या खात्यावर चढलं असा आक्षेप येतो आणि त्याला उत्तर राहत नाही.

रस्ता कुणाचा, हा पुढचा मुद्दा. एकाच बाजारपेठेतून राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, जिल्हा परिषदेचा रस्ता आणि नगरपरिषदेची गल्ली जाते. चिखलाला हद्द कळत नाही, पण लेखापरीक्षणाला कळते. बांधकाम विभागाच्या रस्त्यावरचा गाळ नगरपरिषदेने उचलला आणि दोघांनीही मागणी केली, तर दोघांचेही प्रस्ताव थांबतात. त्या रस्त्यासाठी आमच्याकडून मागणी केलेली नाही, असं एक ओळीचं पत्र संबंधित उपअभियंत्याकडून त्याच आठवड्यात घेऊन ठेवावं. नंतर ते मिळवायला महिने जातात.

मदतीला आलेल्या यंत्रणेचंही असंच. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा इतर महानगरपालिकांची सफाई पथकं आणि वाहनं तिथे पोचली होती. अशा वेळी वाहन ज्याचं, त्याचा खर्च त्याच्या वहीत असतो. त्या फेऱ्या आपल्या एकूण परिमाणात दाखवा, रकमेत धरू नका. स्वयंसेवी संस्थेने फुकट चालवलेल्या पोकलेनचंही तसंच आहे. शून्य खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही, पण त्या फेऱ्यांची नोंद नसेल तर डंपिंगच्या जागेवरचा ढीग आणि तुमच्या पावत्या यांचा मेळ बसत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ नाल्यांवर होतो. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हे नेहमीचं काम आहे आणि त्याची तरतूद अर्थसंकल्पात असते. पुराने त्याच नाल्यात गाळ आणून टाकला, तर तो आपत्तीचा राडारोडा ठरू शकतो. पण मे महिन्यात नाला खरोखर साफ झाला होता, हे दाखवता आलं पाहिजे. पूर्वीच्या कामाचं मोजमाप, तेव्हाचे फोटो, पूर ओसरल्यानंतरचे त्याच जागेवरून काढलेले फोटो, एवढं जोडलं तर बाजू भक्कम होते. दोन्ही कामांना ठेकेदार तोच असेल आणि मे महिन्याचं देयक अजून निघालेलं नसेल, तर दोन्ही फायली पूर्ण वेगळ्या ठेवा. नदीपात्र खोल करणं मात्र यात आणूच नये. पुढचा पूर कमी व्हावा म्हणून केलेलं ते काम असतं, ते ३० दिवसांत होतही नाही, आणि त्याचा निधी वेगळ्या वाटेने येतो.

३० दिवसांचं घड्याळ आणि आदेश

ही मुदत काम सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, हे वर सांगितलेल्या अटीतच लिहिलेलं आहे. म्हणून काम सुरू झाल्याचा दिवस कागदावर असला पाहिजे, आणि सगळीकडे तोच असला पाहिजे. कार्यारंभ आदेशावर २५ तारीख, पहिल्या पावतीवर २३ आणि वर्तमानपत्राच्या कात्रणात २२ असेल, तर ३० दिवस कधी संपले यावरच वाद सुरू होतो. एकतिसाव्या दिवशी उचललेल्या फेऱ्या वेगळ्या गोषवाऱ्यात काढून स्वनिधीतून भागवणं बरं. त्या मूळ मागणीत मिसळल्या, तर चार दिवसांच्या फेऱ्यांपायी सगळी फाइल परत येते.

निविदेचा प्रश्न इथेच येतो. अधिनियमाचं कलम ५० तातडीच्या खरेदीबद्दल आहे. बचाव किंवा मदतकार्यासाठी साहित्य अथवा साधनसामग्री लगेच लागणार असेल, तर प्राधिकरण एखाद्या विभागाला तातडीच्या खरेदीचा अधिकार देऊ शकतं आणि मग निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत शिथिल झाली असं मानलं जातं. पण हा अधिकार राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा आहे. मुख्याधिकाऱ्याचा किंवा सरपंचाचा नाही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यामुळे त्यांचा लेखी आदेश हवा, आणि त्यात कोणतं काम, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या मुदतीत हे यायला हवं. फोनवर होकार मिळाला असेल तर त्याच दिवशी ईमेल पाठवून ‘दूरध्वनीवरील सूचनेनुसार’ असं लिहून पुष्टी मागा. महिनाभराने काढलेल्या आदेशात मागची तारीख टाकायचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच, कारण आवक-जावक क्रमांक खोटं बोलत नाही आणि प्रकरण पैशाच्या चुकीवरून फसवणुकीवर जातं. निधीच्या गैरवापराला याच अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये दोन वर्षांपर्यंतचा कारावास आहे.

कलम ५० चा दुसरा भाग लोक वाचतच नाहीत. प्राधिकरणाने अधिकार दिलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र, तातडीच्या खरेदीच्या हिशेबासाठी वैध प्रमाणक (व्हाउचर) मानलं जातं. म्हणून आदेशातच नियंत्रक अधिकारी कोण ते नमूद करून घ्या. शहर अभियंता असेल तर शहर अभियंता, तहसीलदार असेल तर तहसीलदार. नाव ठरलेलं नसेल, तर सही कुणीही करतं आणि तिला कुणीच मानत नाही.

खाजगी वाहनं आणि यंत्रं ताब्यात घेण्याची सोय कलम ६५ मध्ये आहे आणि त्याच्या मोबदल्याची कलम ६६ मध्ये. जेसीबीवाले दुप्पट भाव सांगायला लागले, की हा मार्ग आहे, पण तोही प्राधिकरणाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशानेच.

तासावर की ब्रासवर

पहिले दोन-तीन दिवस रस्ता मोकळा करण्याचे असतात. जेसीबी गाळ उचलत नाही, ढकलून बाजूला करतो. इथे घनमापाला अर्थ नसतो, म्हणून दर तासावर ठेवावा आणि अवर मीटरचं, म्हणजे यंत्र किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं, सकाळचं व संध्याकाळचं वाचन, दोन्हींचे फोटो, ऑपरेटरची आणि मुकादमाची सही घ्यावी. यंत्र आणण्या-नेण्याचे पैसे द्यायचे की नाहीत, डिझेल कुणाचं, रिकामा उभा असलेला वेळ धरायचा की नाही, हे आदेशातच लिहा. डिझेल नगरपरिषदेने भरलं आणि दरही डिझेलसहित लावला, ही चूक फार वेळा होते. लेखापरीक्षक ती पहिल्या तासात पकडतात, कारण पंपाची बिलं दुसऱ्या फाइलमध्ये असतात.

रस्ते मोकळे झाले की उचलण्याचं काम सुरू होतं. तिथून पुढे दर परिमाणावर न्या, ब्रासवर (घनमापाचं एकक) किंवा टनावर. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरून काढावा आणि त्यात लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, प्रत्यक्ष मोजून धरावं. एकच यंत्र सकाळी तासावर आणि दुपारी ब्रासमध्ये अंतर्भूत, असं करायचं असेल तर लॉगबुकात वेळेची रेघ ओढून दाखवा. नाहीतर भराईचे पैसे दोनदा दिले असा निष्कर्ष निघतो, आणि बहुधा तो बरोबर असतो.

हौद्याचं मोजमाप

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. ‘तीन ब्रासची गाडी’ हे ठेकेदाराच्या तोंडचं वाक्य मोजमाप पुस्तिकेत चालत नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा हौदा पहिल्या फेरीआधी टेपने आतून मोजा. समजा लांबी ४.२ मीटर, रुंदी २.२ मीटर, उंची १.२ मीटर निघाली. गुणाकार ११.०९ घनमीटर, म्हणजे ३.९२ ब्रास. मागच्या फाळक्याला वर जोडलेल्या फळ्या मोजायच्या की नाहीत हे ठरवून लिहा, कारण दुसऱ्या दिवशी त्या काढलेल्या असतात. मोजलेल्या वाहनाला दारावर रंगाने क्रमांक घाला, नंबर प्लेटसह फोटो घ्या, आणि एका पानाची वाहन नोंदवही तयार करा. क्रमांक नसलेल्या वाहनाला पावती नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर पुढचं निम्मं काम होऊन जातं.

आता हा हौदा ओल्या गाळाने काठोकाठ भरला, असं पावतीवर लिहिलं तर काय होतं ते बघा. ओला गाळ घनमीटरला साधारण १.६ टन भरतो. ११ घनमीटरचे साडेसतरा टनांहून जास्त झाले. दोन आसांच्या ट्रकला एकूण वजनाची परवानगी साडेअठरा टनांच्या आसपास असते आणि रिकामी गाडीच आठेक टनांची असते. म्हणजे नियमात राहून गाळ बसतो जेमतेम साडेदहा टन, म्हणजे सुमारे साडेसहा घनमीटर, २.३ ब्रास. पावतीवर ३.९ ब्रास आणि काटापावतीवर (वजनकाट्याच्या पावतीवर) साडेदहा टन असं एकत्र लागलं, की दोन्हींपैकी एक खोटं आहे हे कुणालाही दिसतं. म्हणून पावतीवर हौदा किती टक्के भरला हे लिहायचा रकाना हवाच. ओल्या गाळाला या गाडीत ६० टक्के ही प्रामाणिक नोंद आहे. विटा-मातीचा कोरडा राडारोडा हलका असतो, तिथे हौदा जास्त भरलेला दिसेल. दर फेरीला काटा शक्य नसेल, तर प्रत्येक वाहनाची दिवसातली एक फेरी वजनकाट्यावर न्या आणि टक्क्यांचा अंदाज त्यावरून तपासा.

झाडांचं गणित उलटं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात रस्तोरस्ती झाडं आडवी झाली होती. फांद्यांनी भरलेला हौदा डोंगरासारखा दिसतो आणि आत बहुतेक हवा असते. तिथे ब्रासवर पैसे देणं म्हणजे हवेचे पैसे देणं. वजनावर द्या, किंवा बुंध्याच्या घेरानुसार झाडागणिक दर ठरवा. लाकडाला किंमत येत असेल तर लिलावाची रक्कम खर्चातून वजा दाखवा. भंगार लोखंडाचंही तेच. दरडीसोबत आलेली वाळू आणि दगड हे गौण खनिज ठरतं. ठेकेदाराने ते परस्पर विकलं तर स्वामित्वधनाचं (रॉयल्टीचं) प्रकरण नगरपरिषदेच्या अंगावर येतं. ते कुठे टाकायचं आणि कुणी वापरायचं, याचा तहसीलदारांचा आदेश आधी घ्या.

पावती आणि तिची उलटतपासणी

फेरीपावती चार प्रतींची असावी, आधीच छापील क्रमांकाची. एक भराईच्या जागी राहते, एक डंपिंगच्या जागी, एक चालकाकडे, एक कार्यालयात. तिच्यावर वाहनाचा रंगवलेला क्रमांक, तारीख, प्रभाग आणि गल्लीचं नाव, राडारोड्याचा प्रकार, भरून निघाल्याची वेळ, हौदा किती टक्के, पोचल्याची वेळ, आणि दोन वेगळ्या माणसांच्या सह्या असतात. भरणारा मुकादम आणि उतरवून घेणारा कर्मचारी एकच असेल, तर पावतीला अर्थ राहत नाही. ‘शहरातील विविध भाग’ असं गल्लीच्या जागी लिहिलेली पावती मी बाद समजतो. सार्वजनिक जागा कोणती, हेच तिच्यावरून कळत नाही. दर दहा-पंधरा फेऱ्यांमागे अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटलेला एक फोटो पुरेसा आहे. हजार फोटोंचा पेन ड्राइव्ह कुणी उघडत नाही. त्यापेक्षा प्रत्येक फोटोखाली पावतीचा क्रमांक लिहिलेले साठ फोटो जास्त काम करतात.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं एक साधा हिशेब करावा. डंपिंगची जागा ६ किलोमीटरवर आहे असं धरा. भरायला १५ मिनिटं, जायला २०, रिकामं करायला ५, परत यायला १५. एक फेरी ५५ मिनिटांची. दहा तासांत एक डंपर दहा, फार तर अकरा फेऱ्या करतो. तीन डंपर असतील तर तेहतीस. त्या दिवशीच्या पावत्या अठ्ठेचाळीस निघाल्या, तर त्याच संध्याकाळी विचारायचं, तीन आठवड्यांनी नाही. कदाचित चौथा डंपर आला असेल आणि त्याची नोंद राहिली असेल. कदाचित गाळ जवळच्या नाल्याकाठी टाकला जात असेल, आणि असंच घडण्याची शक्यता जास्त असते.

डंपिंगच्या जागेवरही माणूस हवा तो याचसाठी. जागा ठरवताना निळ्या पूररेषेच्या आत काहीही टाकू नका. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिथे टाकलेला गाळ पुढच्या पावसात परत बाजारपेठेत येतो आणि तोच गाळ दोनदा उचलल्याचा खर्च मागावा लागतो. काम सुरू व्हायच्या आधी जागेची मोकळी पातळी आणि संपल्यावर ढिगाची मापं घेतली, तर सगळ्या पावत्यांच्या बेरजेला एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो. ढीग बसतो, पाणी निथळतं, त्यामुळे तो पावत्यांपेक्षा कमीच भरणार. किती कमी आणि का, एवढं टिपणात लिहिलं की झालं.

जनावरांच्या विल्हेवाटीचा खर्च याच गोषवाऱ्यात मिसळू नका. ती निकषांतली वेगळी बाब आहे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा, संख्या, पुरल्याची जागा, चुना आणि जंतुनाशकाची बिलं अशी तिची वेगळी फाइल असते.

प्रस्ताव

नगरपरिषदेचा प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ग्रामपंचायतीचा गटविकास अधिकाऱ्यांमार्फत. तिथून विभागीय आयुक्त आणि मग मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग. पहिली मागणी अंदाजाची असते आणि ती लवकर जावी लागते, कारण समितीचं मूल्यमापन त्यावर होतं. नंतर मोजमापाने आकडा कमी आला तर अडचण नाही. वाढला तर मात्र वाढ का झाली ते सांगावं लागतं. म्हणून अंदाज करताना रस्त्यांची लांबी, रुंदी आणि गाळाची सरासरी जाडी अशा गुणाकाराने काढा. ८०० मीटर लांब, ७ मीटर रुंद, ०.२ मीटर जाड, म्हणजे १,१२० घनमीटर. जाडी दहा ठिकाणी पट्टी रोवून मोजलेली असली, की पाहणीला आलेल्या पथकाला दाखवायला काहीतरी ठोस असतं.

फाइलवर सगळ्यात वर एका पानाचा गोषवारा ठेवा: कोणती आपत्ती, कोणत्या तारखेला, महसूल मंडळातल्या पावसाची नोंद किती. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर असेल तर अतिवृष्टीचा मुद्दा तिथेच मिटतो. मग काम सुरू आणि बंद झाल्याची तारीख, प्रभागवार ब्रास, यंत्रांचे तास, दर, एकूण रक्कम, लिलावाची वजावट. त्याखाली आदेश, दरविश्लेषण, वाहन नोंदवही, दिवसवार पावत्या, लॉगबुक, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकं आणि रक्कम प्रत्यक्ष अदा केल्याचा बँकेचा पुरावा. याच कामासाठी दुसऱ्या कोणत्याही योजनेतून किंवा वित्त आयोगाच्या अनुदानातून रक्कम घेतलेली नाही, असं प्रमाणपत्र शेवटी लागतंच. कायम कर्मचाऱ्यांचे नियमित पगार यात घालू नका. पूर आला नसता तरी ते द्यायचेच होते.

पैसे यायला वेळ लागतो हे धरूनच चालायला हवं. निधी मंजूर झाला, की लेखाशीर्ष २२४५ खाली तो जिल्ह्याला वितरित होतो आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जातं. तोपर्यंत ठेकेदाराचं देयक स्वनिधीतून द्यावं लागतं. ‘शासनाकडून निधी आल्यावर देयक अदा करण्यात येईल’ अशी अट कार्यारंभ आदेशात घालण्याची पद्धत आहे. ती सोयीची वाटली तरी महाग पडते. ठेकेदार सहा महिन्यांचं व्याज दरात धरतो, आणि चढ्या दराचं समर्थन पुन्हा तुम्हालाच करावं लागतं.

यातला बराचसा त्रास मे महिन्यातच टाळता येतो. जेसीबी, पोकलेन, डंपर, ट्रॅक्टर-ट्रॉली यांचे तासाचे आणि ब्रासचे दर पावसाळ्यापूर्वी रीतसर निविदेने ठरवून दरकरार करून ठेवावा, पूर आला तरच कामाचा आदेश द्यावा. मग कलम ५० च्या आदेशावर सगळी फाइल उभी राहत नाही. डंपिंगच्या दोन जागा तेव्हाच निश्चित कराव्यात. फेरीपावत्यांची पुस्तकं, वाहन नोंदवही, लॉगबुकं छापून घ्यावीत आणि कार्यालयाच्या तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवावीत. काटापावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर येतात आणि वर्षभरात कोऱ्या होतात, म्हणून त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ पावतीला टाचून ठेवावी.